अक्षरांखालची अक्षरे

संगणकशास्त्र मी कुठे शिकलो नाही. आंतरजालावरचे जुने मराठी लेख जमवता जमवता टर्मिनलपाशी, म्हणजे माऊस बाजूला ठेवून आज्ञा टंकायच्या त्या काळ्या खिडकीपाशी, येऊन पोचलो. तिथे चालणारा 'लिंक्स' हा ब्राउझर १९९२ साली अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात तयार झाला. त्याच्या नव्या आवृत्त्या अजून निघतात. (नाव रानमांजराचे. दुव्यांवरून नाव घेतलेला दुसराही एक 'लिंक्स' आहे. देवनागरीत दोघे एकसारखेच.)

तो चित्रे किंवा पानाचे फॉन्ट दाखवत नाही, नुसता मजकूर दाखवतो. वर-खाली बाणांनी दुव्यांवर फिरायचे, उजव्या बाणाने आत शिरायचे, डाव्याने मागे यायचे. 'डम्प' हा पर्याय जोडला की अख्खे पान साध्या मजकुराच्या रूपात हाती येते.

विसेक वर्षांपूर्वी मी शे-दीडशे लेख सीडीवर उतरवून ठेवले होते. त्यातला एक लिंक्समध्ये उघडला, तर मराठीचे एकही अक्षर नाही. रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांची खिचडी. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे आपापले फॉन्ट वापरत. त्यांत रोमन अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचे, किंवा त्याच्या तुकड्याचे, चित्र बसवलेले असे. फॉन्ट असेपर्यंत पान मराठी दिसे. फाइलीत मराठी कधी नव्हतीच. त्यात 'तुकाराम' शोधला तर सापडणार कसा?

युनिकोडमधली पानेही टर्मिनलात सुखाने वाचता येतात असे नाही. 'किल्ला' साठवताना आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी असा क्रम असतो. ती उचलून क-च्या आधी मांडण्याचे काम बरीच टर्मिनले करत नाहीत. वेलांटी मागे लटकते, जोडाक्षरे सुटी होतात. डोळ्यांना खुपते खरे. पण मोडकी का होईना, ती देवनागरीच असते; शोधली की सापडते.

सीडीवरच्या काही लेखांचे फॉन्ट मला कुठेच मिळाले नाहीत. ते मी हाताने सोडवतो आहे. सर्वांत आधी 'आहे' लागतो: वाक्याच्या शेवटी, पूर्णविरामाला चिकटून, पुन्हा पुन्हा तोच चिन्हांचा पुंजका. मग 'आणि', मग 'होते'. आजवर अकरा लेख लागले आहेत.