दही, कॅप्सूल आणि हलालचा प्रश्न

स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया होऊन माणूस घरी आला की भेटीला येणाऱ्यांचा सल्ला ठरलेला असतो. मोमिनपुऱ्यातली खाला असो की जाफरनगरचे चाचा, सांगणार एकच: दही द्या. हल्ली जोडीला औषधाच्या दुकानातली प्रोबायोटिकची पुडीही असते.

दह्याशी आपलं वैर नाही. पण बिघाड बहुतेक वेळा वेगळाच असतो. स्वादुपिंडाचा भाग काढला की तेल-तूप पचवणारा रस कमी पडतो. मल फिकट, चिकट होतो, पाण्यावर तरंगतो. खाल्लेलं अंगी लागत नाही, वजन उतरत जातं. ही उणीव दह्यातले जिवाणू भरून काढू शकत नाहीत. त्यासाठी पॅन्क्रिआटिनच्या कॅप्सूल लागतात. त्या जेवणानंतर नव्हे, पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, न चावता, आणि गरम चहासोबत तर नाहीच.

अडचण पुढेच आहे. पॅन्क्रिआटिन डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात. हे आधी कुणी सांगितलेलं नसलं आणि नंतर कळलं, तर रुग्ण गुपचूप कॅप्सूल बंद करून दह्यावर येण्याचा धोका असतो. बुरशीपासून बनवलेली पाचक औषधं मिळतात, पण ती साध्या अपचनासाठी; या आजारात तेवढ्यावर भागेल असं धरून चालू नये. सूरह बकराच्या 173व्या आयतीत हराम गोष्टी सांगताना नाइलाज झालेल्याला सूटही दिलेली आहे, आणि दुसरा इलाज नसताना औषधाच्या बाबतीत अनेक उलेमा याच आधारावर परवानगी देतात.

आता प्रोबायोटिकचं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या बर्लिनच्या अभ्यासात स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया झालेले 80 रुग्ण होते. तंतूंसोबत जिवाणू दिलेल्यांपैकी 12.5 टक्क्यांना जंतुसंसर्ग झाला, नुसते तंतू दिलेल्यांपैकी 40 टक्क्यांना. आकडे आशेचे, पण रुग्ण थोडे. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधून उलटी बातमी आली: स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या सुमारे 300 रुग्णांमध्ये प्रोबायोटिक दिलेले 16 टक्के दगावले, न दिलेले 6 टक्के. त्यांचा आजार वेगळा होता, हे खरं. तरी नळीवाटे अन्न चालू असलेल्या किंवा मानेतल्या मोठ्या शिरेत सुई असलेल्या रुग्णाला सर्जनला न विचारता पुडी देऊ नये.

मुफ्तीसाहेबांकडे जाताना डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्या. दुसरा पर्याय आहे का, हे ते आधी विचारतील.