बिनबियांच्या कलिंगडाला बियांचा शेजार

उन्हाळा लागला की दादर-परळच्या फुटपाथांवर कलिंगडांच्या राशी लागतात. वाशीच्या घाऊक बाजारातून येणाऱ्या मालात हल्ली बिनबियांचं कलिंगडही असतं, चार पैसे जास्त मोजले की मिळतं. फळात बीच नाही तर रोप येतं कुठून, असं विचारलं तर ‘इंजेक्शन देतात’ असं उत्तर हमखास ऐकू येतं. ते साफ चूक आहे.

जपानी आनुवंशशास्त्रज्ञ हितोशी किहारा यांनी १९५१ साली याची रीत जगापुढे मांडली. साध्या कलिंगडाच्या पेशीत २२ गुणसूत्रं असतात. कोवळ्या शेंड्याला कोल्चिसिन हे रसायन लावून ती ४४ करता येतात. अशा वेलाच्या मादीफुलावर साध्या वेलाचा पराग घातला की जे बी मिळतं, त्याचं रोप ३३ गुणसूत्रांचं. तेहतिसांची समान वाटणी होत नाही, म्हणून या रोपाच्या फळात बी भरत नाही. फार तर पांढरी, मऊ, पोकळ टरफलं राहतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं ‘पुसा बेदाना’ आणि केरळ कृषी विद्यापीठाचं लाल गराचं ‘शोणिमा’ हे वाण याच वाटेने आले.

खरी मेख पुढेच आहे. या वेलाचा स्वतःचा पराग वांझ असतो, पण फळ धरायला परागाची चालना तर हवीच. म्हणून दर दोन-तीन रोपांमागे एक बियांचं रोप लावतात. त्याच्या फळाची साल मुद्दाम वेगळी निवडतात: मुख्य फळ गडद हिरवं असेल तर हे पट्ट्यांचं, म्हणजे तोडणीत गफलत होत नाही.

मादीफूल ओळखायला सोपं. पाकळ्यांच्या खाली लव असलेलं, सुपारीहूनही लहान कलिंगड आधीच दिसतं. फूल सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मिटतं, पुन्हा उघडत नाही. तेवढ्या वेळात त्याच्या कुक्षीच्या तीन पाळ्यांवर सारखा पराग पडला पाहिजे, नाहीतर फळ एका अंगाने बसकं, वेडंवाकडं होतं. बियांच्या कलिंगडाला मधमाशीच्या आठ-दहा फेऱ्या पुरतात. बिनबियांच्याला त्याच्या दुप्पट लागतात, कारण निम्म्याहून अधिक वेळा माशी वांझ परागच घेऊन येते. हातानेही हे काम होतं: बियांच्या वेलाचं नरफूल खुडायचं, पाकळ्या सोलायच्या, केसर मादीफुलावर हलके फिरवायचे. परसातल्या चार वेलांना हे ठीक. एकरभर रानात मजुरीच परवडत नाही.

तिथे सातेरी, फुलोरी, आग्या किंवा पेटीतल्या माश्याच हव्यात. आपल्याकडे कलिंगडावर क्रॉप कव्हर, म्हणजे पातळ कापडी आच्छादन, घालतात. मादीफुलं दिसताच ते काढलं नाही तर माशी आत शिरणार कशी? फुलोऱ्यात सकाळी कीटकनाशक फवारणं तर स्वतःच्या हाताने फळं गमावणं. फवारणी टाळता येत नसेल तर ती माश्या परतल्यावर, संध्याकाळी करावी.

पुण्यात १९६२पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली ‘मधाचं गाव’ झालं. तरी मधमाशी म्हटलं की आपल्याला फक्त मध आठवतो, याचं मला वाईट वाटतं. शेतकऱ्याच्या हिशेबात तिचं परागीभवन मधापेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

गिरगाव-लालबागच्या जुन्या इमारतींच्या सज्जाखाली आग्या मोहोळ लागलं की औषध मारायला माणूस बोलावला जातो. त्या माश्या कोकणातल्या कलिंगडावर जाणार नाहीत, हे खरं. पण आग्या माशी फिरस्ती आहे. हंगाम सरला की मोहोळ आपणहून उठतं. वाटेत येत नसेल तर तेवढे दिवस ते राहू द्या, आणि धोका वाटलाच तर न मारता हलवणाऱ्या जाणकाराला बोलवा.