दारू सोडण्यासाठीची मीटिंग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दारू सोडू पाहणाऱ्यांनी ठरलेल्या वेळी एकत्र बसून आपापले अनुभव सांगणे आणि ऐकणे, एवढेच मीटिंगचे मूळ स्वरूप आहे. या पद्धतीचा सर्वांत मोठा प्रसार अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजेच 'एए'ने केला. अमेरिकेतील ॲक्रन शहरात डॉ. बॉब स्मिथ यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ हा दिवस एएचा स्थापनादिन मानतात. त्यांना तिथवर आणणारे बिल विल्सन हेही दारूच्या पुरते आहारी जाऊन सावरलेले होते. एए १९५७ मध्ये भारतात आले. पुण्यात आता मराठी, हिंदी आणि इंग्रजी मीटिंगा भरतात. तरीही पुष्कळजण तिथवर पोहोचत नाहीत, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे मीटिंगविषयीच्या चुकीच्या समजुती.

'आधी व्यसनमुक्ती केंद्रात भरती व्हावे लागते, मगच मीटिंगला घेतात,' ही त्यांतली सर्वांत घट्ट समजूत. वस्तुतः एएची अट एकच आहे: दारू सोडण्याची इच्छा. डॉक्टरची चिठ्ठी, नोंदणी, वर्गणी यांपैकी काहीही लागत नाही. खर्चासाठी झोळी फिरते, तीत पैसे टाकणे ऐच्छिक असते. बाहेरून देणग्या घ्यायच्या नाहीत, असा एएचा दंडक आहे. बोलण्याचीही सक्ती नसते. नवा माणूस मागच्या खुर्चीवर नुसता ऐकत बसला तरी चालते.

'ओळखीचे कोणी भेटले तर बोभाटा होईल,' ही भीती मात्र समजण्यासारखी आहे. तिथे आडनाव विचारत नाहीत, हजेरीपट नसतो, आणि ऐकलेले बाहेर न्यायचे नाही असा संकेत असतो. तो संकेतच आहे, कायदा नव्हे. पण समोर बसलेला माणूसही त्याच कारणासाठी आलेला असतो. तरीही धास्ती वाटत असेल, तर कोथरूडमध्ये राहणाऱ्याला हडपसरकडची मीटिंग गाठता येते.

पुष्कळ मीटिंगा चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत भरतात. त्यामुळे हा धर्मप्रसार असावा, असा संशय घेतला जातो. खोली बहुधा भाड्याने घेतलेली असते आणि एए कोणत्याही पंथाशी बांधलेले नाही. एएच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे सावरण्याच्या टप्प्यांत, ईश्वराचा उल्लेख येतो, पण 'ज्याला जसा उमजेल तसा' या मोकळिकीसह. नास्तिकाला हे अवघड वाटू शकते. अनेकजण त्या जागी गटाचीच ताकद मानतात.

सर्वांत घातक गैरसमज म्हणजे, मीटिंगला जायचे ठरले की त्या दिवसापासून दारू एकदम बंद करायची. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने असे केले, तर काही तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास होऊन माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर ते जिवावर बेतू शकते. म्हणून अशा व्यक्तीने दारू थांबवण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो. मीटिंग हा औषधाचा पर्याय नाही, आणि मनोविकाराच्या गोळ्या बंद करायला सांगण्याचा अधिकार तिथल्या कोणालाही नाही. चहातून गुपचूप दारू सोडवण्याचे औषध देण्याचा घरगुती उपायही धोक्याचा आहे. त्यावर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळू शकतो.

'अशा गप्पांनी काय होणार?' या शंकेला अभ्यासाचे उत्तर आहे. २०२० मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा, दहा हजारांहून अधिक व्यक्तींचा आढावा प्रसिद्ध केला. आखीव पद्धतीने एएशी जोडून देणारे उपचार दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. मधेच कोणी पुन्हा प्यायला, तरी दार बंद होत नाही. 'फक्त आजचा दिवस' न पिता काढायचा, हे एएचे मोजमाप अशा परतणाऱ्यांसाठीही आहे.

घरच्यांसाठी वेगळी सोय असते, हे फार कमी जणांना ठाऊक असते. मद्यपींच्या नातेवाइकांसाठीची अल-अनॉन ही संघटना १९५१ पासून आहे. पिणारा सुधारायला तयार नसला, तरी तिथे जाता येते. पुण्यात मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचा 'सहचरी' हा गट रुग्णांच्या पत्नींसाठी आहे. व्यसनाधीन स्त्रियांसाठी मुक्तांगणचाच 'निशिगंध' हा विभाग आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने येरवड्यात मुक्तांगण सुरू केले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसे तिथे इतरांना आधार देतात, आणि उपचारांनंतरच्या पाठपुराव्याच्या बैठकाही होतात.

शोधाची सुरुवात १४४४६ या केंद्र सरकारच्या मोफत हेल्पलाइनवर करता येते. एएच्या भारतातील कार्यालयाकडे शहरवार माहिती मिळते. विचारताना भाषा, वार, वेळ यांच्यासोबत मीटिंग 'ओपन' आहे की 'क्लोज्ड', हेही विचारावे. ओपन मीटिंगला नातेवाईक बसू शकतात, क्लोज्ड फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. वेळ आणि जागा बदलत असल्याने निघण्यापूर्वी फोन करावा. प्रत्येक गटाचा सूर वेगळा असतो. एक रुचला नाही, तर दुसऱ्या गटाच्या दोन-तीन मीटिंगा पाहाव्यात.