बारमाही जुन्नर

पाडव्याची सकाळ. नारायणगावात घरोघरी गुढ्या उभ्या आहेत; पण रस्त्याकडेच्या राहुट्यांमध्ये सणाची सुट्टी कुणालाच नाही. राहुटी म्हणजे तमाशाच्या फडाचं हंगामी कार्यालय. बाहेर फडाचा भलामोठा रंगीत फलक, आत टेबल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाण्याचा जार आणि एक डायरी. सगळा जीव त्या डायरीत. एकामागून एक जीपा येऊन थांबतात, त्यातून पांढऱ्या टोप्या उतरतात. कुणी पारनेरकडचे, कुणी खेडचे, कुणी संगमनेरहून आलेले. गावच्या यात्रेचा तमाशा ठरवायचाय.

"अष्टमीला यात्रा आहे आमची," कमिटीतले आबा बसता बसता सांगतात.

"अष्टमीला तर चार गावं मागतायत, आबा."

"म्हणून तर घरची गुढी पोरांवर सोपवून आलोय."

मॅनेजर डायरीची पानं उलटतो. इथे भाव तिथीप्रमाणे ठरतो. चैत्री पौर्णिमा, अष्टमी अशा दिवसांना एकाच वेळी गावोगाव यात्रा असतात, त्यामुळे त्या तिथ्या महाग; मधल्या आडदिवसांना तोच फड बऱ्याच कमी पैशांत मिळतो. मॅनेजर आकडा तोंडाने उच्चारत नाही. कागदाच्या कोपऱ्यात लिहितो आणि कागद फिरवून समोर सरकवतो. आबा चष्मा वर करतात, आकडा वाचतात, त्यावर काट मारून खाली आपला लिहितात. कागद तीनदा इकडून तिकडे जातो. दरम्यान चहा येतो. रात्रीचा खेळ आणि दुसऱ्या दिवशीची हजेरी दोन्ही धरून का, स्टेजला जागा किती, ट्रक आत येईल एवढा रस्ता आहे का, अशा चौकश्या होतात. "वग कुठला लावणार?" हा प्रश्न मात्र आबांच्या मागे उभा असलेला पोरगा विचारतो आणि सगळे त्याच्याकडे वळून बघतात. शेवटी विसार दिला जातो, सुपारी पक्की होते.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. राज्य सरकारचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. त्यांचं नाव घेतलं की राहुटीतला सर्वांत म्हातारा ढोलकीवाला कानाच्या पाळीला हात लावतो.

मार्च २०१८मध्ये सरकारने जुन्नर हा विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. तेव्हापासून शेततळ्याकाठी तंबू लागले, मळ्यांमध्ये खोल्या चढल्या, फाट्याफाट्यावर बाण असलेल्या पाट्या आल्या. पुण्या-मुंबईचे पाहुणे फोनवर एकच विचारतात: सीझन कधी असतो? मला या प्रश्नाचं हसू येतं. सीझन कशाचा, ते आधी सांगा.

राहुट्यांपासून थोड्या अंतरावर टोमॅटोचा बाजार भरतो. उन्हाळी माल निघायला लागला की आवाराबाहेर पिकअप गाड्यांची रांग हलता हलत नाही. वीस किलोचं एक कॅरेट. व्यापारी वरचे चार टोमॅटो बाजूला सारून हात खाली घालतो, तळातलं एखादं फळ काढून अंगठ्याने दाबतो. वर लाल आणि खाली हिरवट भरलाय का, ते त्याला त्या एका दाबात कळतं. शेतकरी त्याच्या हाताकडे बघत नाही, तोंडाकडे बघतो. २०२३च्या जुलैत याच आवारात कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं होतं. एरवी पन्नास रुपयांनाही कुणी उचलत नाही असे दिवस येतात आणि मग माल बांधावर ओतला जातो. पर्यटकांना हा बाजार कुणी दाखवत नाही. दाखवायला हवा.

आषाढ. पश्चिमेला निघालं की तासाभरात तालुका पालटतो. पूर्वेकडे बेल्ह्याच्या बाजूला लोक अजून आभाळाकडे बघतायत आणि इकडे घाटघरच्या खाचरांत गुडघाभर चिखलात भातलावणी चालू आहे. डोक्यावर इरली होती तिथे आता निळे-पिवळे प्लॅस्टिकचे कागद आहेत, एवढाच काय तो फरक. पुढे रस्ता संपतो तिथे नाणेघाट. शनिवार-रविवारी इथे गाड्या लावायला जागा नसते, त्यामुळे मी मंगळवार गाठलाय. सुट्टीच्या दिवशी इथे येऊन धबधब्यापेक्षा माणसंच जास्त बघावी लागतात. तो हौसेचा भाग, ज्याने त्याने ठरवावा.

घाटाच्या तोंडाशी दगडाचा प्रचंड रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत, असं सांगतात. आता त्यात पावसाचं पाणी आणि एक वेफर्सचं पाकीट आहे. डोंगर चिरून काढलेल्या त्या खिंडीतून मी खाली उतरतो. कल्याण-सोपाऱ्याकडून येणारा माल याच वाटेने वर चढून जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जात असे. डाव्या-उजव्या भिंतींतून पाणी गळतंय, पायऱ्या शेवाळलेल्या. गुहेत शिरल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला थोडा वेळ लागतो, मग भिंतीवरची अक्षरं हळूहळू वर येतात. ब्राह्मी लिपी, ओळींवर ओळी. सातवाहनांची राणी नागनिका हिचा हा लेख, दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञ किती केले, दक्षिणा काय दिली: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण, सगळा हिशेब मांडलेला. ते आकडेही ब्राह्मीतले आहेत आणि अंकांचा इतिहास लिहिणारे या भिंतीपाशी थांबतातच. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. सिमुक, नागनिका, सातकर्णी अशी नावं वर कोरलेली दिसतात. पुतळे गेले. खाली पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्यात.

लेखावर आता कुणी नावं कोरू नयेत म्हणून जाळी आहे. ती उशिरा लागली, हे भिंतच सांगते.

वर येऊन कड्याकडे जावं तर वारा उभं राहू देत नाही. कोकणातून येणारा वारा या सरळ कड्याला धडकतो आणि वर उसळतो. कड्यावरून पडायला निघालेलं पाणी अर्ध्या वाटेतून परत फिरतं. मी कड्यापासून चांगला दहा-बारा हात मागे बसलोय, तरी पाणी हनुवटीखालून तोंडावर येतंय. छत्री उघडलेल्या काकांची छत्री एका क्षणात उलटी होते आणि त्यांच्या सौ. म्हणतात, "सांगितलं होतं." मक्याचं कणीस भाजणारी ताई आडोशाला बसून शेगडीवर पुठ्ठा हलवतेय. ती खालच्याच वाडीतली. उन्हाळ्यात काय करता, विचारलं तर "हिरडा" म्हणते. झाडावरचा कोवळा हिरडा झोडायचा, वाळवायचा, व्यापाऱ्याला घालायचा. इथल्या महादेव कोळ्यांच्या घरात चार पैसे येतात ते भातापेक्षा या बाळहिरड्यातून. पाऊस संपला की कणीस बंद, गिऱ्हाईक बंद. "उन्हाळ्यात कुणी येत नाय," ती म्हणते. "आंबा-करवंदं तेव्हा असत्यात."

श्रावणी सोमवारी ओतूरला मांडवी नदीकाठी कपर्दिकेश्वराच्या देवळाबाहेर रांग वळसे घेत जाते. आत गाभाऱ्यात कोरड्या तांदळाची पिंड रचलेली असते. पीठ नाही, पाणी नाही, नुसता दाणा दाण्यावर तोललेला. पहिल्या सोमवारी एक, दुसऱ्या सोमवारी दोन, अशा पिंडी वाढत जातात. दर्शनाला आलेली बाई जवळ गेली की श्वास रोखते. देवभक्तीने की फुंकर लागेल या धास्तीने, कळत नाही. बाहेर आखाड्यात कुस्त्या लागल्यात आणि हलगी कडाडतेय.

दिवाळीनंतर ऊस तुटायला लागतो. उसात बिबट्याची मादी व्यालेली असते. ऊस गेला की तिला पिलांसह नवा आसरा शोधावा लागतो. रात्रीची वीज, रात्रीचं पाणी भरणं आणि तोच उसाचा फड, यात माणूस आणि जनावर समोरासमोर येतात. जुन्नरजवळ माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांसाठी वनखात्याचं निवारा केंद्र आहे. तंबूत राहायला आलेले पाहुणे "बिबट्या दिसेल का?" असं उत्साहाने विचारतात. मळ्याचा मालक हसून विषय बदलतो, पण अंधार पडायच्या आत लोखंडी जाळी मारलेल्या गोठ्यात वासरं कोंडायला विसरत नाही.

आणि मग फेब्रुवारी. मला विचाराल तर हाच महिना. १८ तारखेच्या रात्री शिवनेरीच्या रस्त्यावर झोप नावाची गोष्ट नसते. गडावर पेटवलेल्या ज्योती घेऊन गावोगावची पोरं पळत निघालेली असतात. एक पळतो, बाकीचे टेम्पोत. त्याचा दम संपला की धावत्या टेम्पोतून दुसरा उडी मारून मशाल हातात घेतो. मशालीचं तेल मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत आलेलं. काहींना पहाटेपर्यंत पार सोलापूरकडचं गाव गाठायचंय, निदान ती जिद्द तरी तशी आहे. गडावर सात दरवाजे पार करून शिवजन्मस्थानी पोचेपर्यंत सूर्य वर येतो आणि पाळणा हलतो. गर्दी नको असेल त्याने २१-२२ तारखेला यावं. शिवाई देवीच्या देवळात तेव्हा निवांत बसता येतं आणि खाली द्राक्षबागांत काळ्या जंबोची तोडणी चालू असते. बागेत द्राक्ष तोडून तोंडात टाकायचं नाही, घडाला हातही लावायचा नाही. निर्यातीच्या मालावरची पांढुरकी लव पुसली गेली तर घड बाद. मालक स्वतःच एक घड कापून देतो.

दुपारी आळेफाट्याला मासवडी. खानावळीतली मावशी शिजलेलं बेसन ओल्या फडक्यावर थापते, त्यावर खोबरं, तीळ, लसूण, कोथिंबिरीचं सारण पसरते, फडक्यानेच गुंडाळी करून दाबते आणि सुरीने वड्या पाडते. काळा रस्सा, बाजरीची भाकरी. पाणी मागून घ्या.

२८ फेब्रुवारी, विज्ञान दिन. एरवी बंद असलेलं खोडदचं फाटक आज सगळ्यांसाठी उघडं आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण: तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा इथे मध्यभागी, बाकीच्या तीन दिशांना कांद्याच्या, उसाच्या शेतांपलीकडे पसरलेल्या. शहरांच्या रेडिओ गोंगाटापासून दूर, डोंगरांच्या आड, म्हणून ही जागा निवडली. तबकडी भरीव नाही, तारांची जाळी आहे. वारा आरपार जातो. एक तबकडी वळायला लागते तशी जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरं एका सुरात "ओऽऽ" करतात. धोतर-टोपीतले एक बाबा पुढे होऊन समजावून सांगणाऱ्या तरुण शास्त्रज्ञाला गाठतात.

"यातून पावसाचं काही कळतं का?"

"नाही बाबा. आम्ही पार ताऱ्यांच्या पलीकडून येणाऱ्या लहरी ऐकतो."

"मग पावसाचं कोण ऐकतं?"

"ते पुण्यात. शिवाजीनगरला."

"त्यांचं मी ऐकतो की," बाबा म्हणतात, "रेडिओवर. म्हणूनच तुम्हाला विचारलं."