कॉलेजातलं ‘अभिरूप संयुक्त राष्ट्र’ : मुलींच्या पदरात काय पडतं?

गटांच्या बैठकांना फिरताना हल्ली आमच्यापुढे एक नवाच प्रश्न येतो. शहरात शिकणारी मुलगी फोन करते, “आई, कॉलेजात एमयूएन आहे. नाव नोंदवायला पैसे लागतील, आणि या शनिवार-रविवारी मी घरी येणार नाही.” आईला वाटतं, हे नाटकबिटक आहे की काय? त्यासाठी का पैसे द्यायचे? तर आज त्याबद्दलच बोलू.

एमयूएन म्हणजे मॉडेल युनायटेड नेशन्स, मराठीत अभिरूप संयुक्त राष्ट्र. खरी संयुक्त राष्ट्र संघटना दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ साली स्थापन झाली. देशादेशांतली भांडणं बोलून मिटावीत हा तिचा हेतू. आज तिचे १९३ देश सभासद आहेत. कॉलेजातली मुलं त्याच सभेची तालीम करतात. प्रत्येकाला एक देश नेमून देतात, समोर त्या देशाची पाटी असते. बोलायचं असेल तर पाटी वर करायची. अध्यक्षांनी नाव घेतलं की मिनिट-दीड मिनिटात मुद्दा मांडून खाली बसायचं. (आपल्या ग्रामसभेत ही सोय असती तर!) शेवटी ठराव लिहितात आणि मतदान होतं.

आम्हाला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की देश आपल्या आवडीचाच मिळेल असं नसतं.

नाईल नदीचं उदाहरण घ्या. इथिओपियानं २०११ साली या नदीच्या मोठ्या फाट्यावर धरण बांधायला घेतलं. खाली इजिप्त आहे, त्याचं जवळजवळ सगळं पाणी नाईलचंच. वरच्यानं अडवलं तर आम्ही काय प्यायचं, हे त्यांचं म्हणणं. इथिओपिया म्हणतो, नाईलचं बहुतेक पाणी आमच्या डोंगरांतून येतं, तरी १९५९ साली इजिप्त आणि सुदाननं ते आपसात वाटून घेतलं, आमचा हिस्साच धरला नाही. आणि आमच्या लाखो घरांत अजून वीज नाही. हे भांडण २०२० आणि २०२१ साली खऱ्या सुरक्षा परिषदेपुढेही गेलं होतं.

आता समजा, आपल्यातली एक मुलगी कालव्याच्या टेलच्या गावातली आहे. वरचे पाणी ओढून घेतात आणि आपली पाळी कोरडी जाते, हे ती लहानपणापासून बघते. तिला इजिप्त मिळाला तर ती मनापासून भांडेल, पण नवं फार काही शिकणार नाही. तिला इथिओपिया मिळाला, की वरच्याची गरज काय, त्याची भीती कशाची, हे शोधून वाचावं लागतं आणि तेच भर सभेत मांडावं लागतं. म्हणून तिनं आपल्या शेताचा हक्क सोडला असं होत नाही. पण कालव्याच्या बैठकीत समोरचा काय बोलणार हे तिला आधीच कळायला लागतं.

दुसरी गोष्ट शब्दांची. ठरावात एकेका शब्दावरून घासाघीस चालते. चहाच्या सुट्टीत मुलं एकमेकांकडे जाऊन विचारतात, ‘हा शब्द काढला तर सही करशील का?’ यात वेळ वाया जातो असं समजू नका. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात ‘ऑल मेन’ असं लिहिलेलं होतं. इंग्रजीत ‘मेन’ म्हणजे माणसं आणि पुरुषही. भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी हरकत घेतली, की याचा अर्थ उद्या नुसते पुरुष असाच लावतील. १९४८ साली जाहीरनामा मंजूर झाला तेव्हा त्यात ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’, म्हणजे सगळी मानवजात, असे शब्द आले. ग्रामसंघाच्या ठरावात ‘सर्वानुमते’ लिहिण्याआधी आपण किती जणींना विचारतो, ते ज्याचं त्यानं बघावं.

उणी बाजूही सांगतो. बहुतेक ठिकाणी कारभार इंग्रजीत चालतो. ज्यांचं इंग्रजी फाडफाड, ते पुढे पुढे करतात आणि गावाकडची मुलगी पाटी खाली ठेवून गप्प बसते. बक्षिसासाठी नुसता आवाज चढवणारेही असतात. काही ठिकाणी फी बरीच असते, वर कोट-ब्लेझरचा खर्च. यासाठी गटातून कर्ज काढावं असं आम्ही म्हणणार नाही. ब्लेझर मैत्रिणीचा चालतो, आणि स्वच्छ सलवार-कमीजवरही सभेत बसता येतं का, हे विचारायला काय हरकत आहे?

पैसे देण्याआधी मुलीला चार गोष्टी विचारा. भाषा कोणती? फीमध्ये जेवण धरलंय का, आणि सवलत मिळते का? रात्री मुक्काम असेल तर सोबत बाई कोण? विषय आणि देश किती दिवस आधी कळणार? आदल्या दिवशी कळणार असेल, तर वाचायला वेळच मिळत नाही. तिथं आम्ही तरी पैसे घालणार नाही. काही कॉलेजांत युवा संसदही भरते, ती मराठीत असेल तर पहिली खेप तिथूनच करू द्या.