झांकणाखालचा माणूस

प्रतिवर्षीं १४ एप्रिल रोजीं आपल्या देशांतील लहानमोठ्या अग्निशामक दलांत एक समारंभ होतो. दलाचे जवान स्वच्छ गणवेश करून रांगेनें उभे राहतात, कर्तव्य बजावतांना मृत्यु पावलेल्या सहकाऱ्यांस मानवंदना देतात, आणि तेथून २० तारखेपर्यंत सारा आठवडा शाळांतून व वसाहतींतून आगीपासून बचाव कसा करावा ह्याचे धडे दिले जातात. यंदां आमच्या आठ वर्षांच्या नातवास त्याच्या शाळेनें बंब पाहावयास नेलें होतें. घरीं आल्यावर दोन दिवस त्याच्या तोंडीं दुसरा विषय नव्हता. शिडी किती उंच जाते, तोंडावर लावावयाचा मुखवटा कसा असतो, पाठीवरच्या नळकांड्यांतील हवा किती वेळ पुरते, हें सर्व त्यानें आजीस, आईस, काकूस आणि शेवटीं आम्हांस सांगितलें.

ह्या तारखेचें मूळ पुष्कळांस ठाऊक नसतें. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टायकिन' नांवाचें जहाज उभें होतें. त्यांत कापसाच्या गांठी होत्या आणि सुमारें चौदाशें टन स्फोटक दारूगोळाही होता. दुपारीं जहाजांत आग दिसली. मुंबई महानगरपालिकेचे बंब धांवून गेले. आणि ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट झाला. थोड्याच वेळानें दुसरा, पहिल्याहून भयंकर असा स्फोट झाला. आगीशीं झुंजणारे ६६ जवान त्या दिवशीं गेले. हे सर्व नगरपालिकेचे पगारी नोकर होते, हें येथें मुद्दाम सांगावेंसें वाटतें. त्यांच्या मृत्यूनें एक तिथि निर्माण झाली व ती सर्व राष्ट्रानें पाळली. पुढें ९ मे २०१५ रोजीं काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीस आग लागली, तेव्हां दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर व आणखी तीन अधिकारी प्राणांस मुकले. त्यांसही मुंबईकर विसरले नाहींत. हा मान यथार्थ आहे. त्यांतील एक कणही कमी व्हावा असें आमच्या मनांत नाहीं.

आतां ज्या गोष्टीमुळें हा लेख लिहावयास घेतला ती सांगतों.

त्याच एप्रिलच्या पाठोपाठ मे महिन्यांत आमच्या आळींतील भूमिगत गटार तुंबलें. तीन दिवस रस्त्यावर घाण पाणी वाहत होतें. घरीं पुतण्याची मुंज चार दिवसांवर आली होती. पाहुणे येऊं लागले होते. घरांतील स्त्रीवर्ग नाकाला पदर लावून वावरत होता. आम्ही कचेरींत तक्रार केली. तेथून उत्तर आलें कीं, मैला ओढून घेणारी गाडी दुरुस्तीस गेली आहे, तीन दिवसांनीं येईल. वस्तुतः हें उत्तर प्रामाणिक होतें. परंतु आम्हांस तें पटलें नाहीं. त्या कचेरींत आमचा एक जुना विद्यार्थी बऱ्यापैकीं हुद्द्यावर आहे. त्यास आम्ही स्वतः फोन केला व थोड्या कडक स्वरांतच बोललों. तो म्हणाला, "गुरुजी, तुमच्या घरीं कार्य आहे, तुम्ही काळजी करूं नका, आजच माणसें पाठवितों." आम्हांस त्या वेळीं मोठें समाधान वाटलें, आणि चार माणसांत आम्ही तें बोलूनही दाखविलें.

दुपारीं ठेकेदाराचा मुकादम आणि दोन माणसें आलीं. त्यांनीं पहारीनें लोखंडी झांकण उचकटलें, लांब बांबू घालून पाहिला; पण कोंडा फुटेना. तेव्हां त्यांतील एकानें सदरा काढून ठेविला आणि तो आंत उतरला. कमरेस दोरी नाहीं, हातांत मोजे नाहींत, पायांत कांहीं नाहीं. नातू आमच्याजवळ गॅलरींत उभा होता. त्यानें विचारलें, "आजोबा, ह्याचा मुखवटा कोठें आहे?" आम्ही त्यास उत्तर देण्यापूर्वींच खालून येणारा आवाज बंद झाला. वर उभा असलेला जोडीदार "अरे, अरे" म्हणत आंत उडी घेण्यास निघाला. मुकादमानें त्याची बखोट धरून त्यास मागें ओढलें म्हणून दोन मृत्यु टळले, हें आम्हांस मागाहून कळलें. दोरीचा फांस खालीं सोडला. दैव बलवत्तर म्हणून खालच्या माणसास तेवढी शुद्धि होती. त्यानें त्यांत हात अडकविला, आणि चौघांनीं मिळून त्यास वर खेंचून काढलें. आमच्याच ओट्यावर तो निपचित पडला होता. दोन रात्री इस्पितळांत काढून तो घरीं गेला. मुंज मुहूर्तावर लागली.

ह्यानंतर आम्ही ह्या विषयाचें जें वाचन केलें, त्यांतील थोडा भाग वाचकांपुढें ठेवितों. कारण हा प्रकार पाण्यांत बुडण्यासारखा नाहीं, आणि तो समजल्यावांचून त्याची भीति वाटत नाहीं. साचलेल्या मळापासून हायड्रोजन सल्फाइड नांवाचा वायु होतो. तो हवेहून जड असल्यामुळें तळाशीं राहतो. अत्यल्प प्रमाणांत त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास येतो. परंतु दहा लाख भागांत सुमारें शंभर भागांपर्यंत त्याचें प्रमाण गेलें कीं कांहीं मिनिटांतच नाक बधिर होतें, आणि वास थांबला तेव्हां हवा शुद्ध झाली असा माणसाचा समज होतो. त्याच्या अनेक पट प्रमाण झालें तर एकदोन श्वासांतच शुद्ध हरपते. दुसरा वायु मिथेन. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, मात्र ठिणगी लागतांच तो पेटतो. म्हणून दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत घातक. शिवाय मोकळ्या हवेंत प्राणवायु शेंकडा २१ भाग असतो. तो साडेएकोणीसच्या खालीं गेला कीं धोका सुरू होतो. सर्वांत फसवी गोष्ट ही कीं, गाळ स्थिर असतो तोंवर वायु त्यांत कोंडून राहतो; उतरलेल्या माणसानें पहार मारली कीं तो एकदम मोकळा होतो. म्हणजे कामास हात घालीपर्यंत सारें ठीक आणि काम सुरू होतांच घात! पहिला पडला म्हणून दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठीं तिसरा. केरळांत कोळिकोड येथें २०१५ सालीं दोन कामगार असे गुदमरले, तेव्हां त्यांस वांचविण्यास रस्त्यानें जाणारा एक रिक्षावाला उतरला आणि तोही गेला.

ह्यावरचे उपाय गूढ नाहींत. तुंबलेल्या जागेच्या अलीकडचीं व पलीकडचीं झांकणें निदान तासभर आधीं उघडून ठेवावीं, पंख्यानें हवा आंत सोडावी, वायु मोजण्याचें यंत्र दोरीनें खालीं सोडून पाहावें. उतरणाऱ्याच्या अंगावर पट्टे असावेत व त्यांची दोरी वर तिकाटण्यास बांधलेली असावी. बाहेरून हवा पुरविणारा मुखवटा असावा. कापडी मुखवटा काय किंवा गाळणीचा काय, जेथें प्राणवायुच नाहीं तेथें त्याचा उपयोग शून्य. आणि मुख्य म्हणजे यंत्रानें होत असेल तें काम माणसानें करूंच नये. कोळिकोडच्या त्याच घटनेनंतर केरळांतील कांहीं तरुण अभियंत्यांनीं गटारांत उतरणारें एक यंत्र तयार केलें. त्याचें नांव 'बँडिकूट', म्हणजे आपली घूस. हा इंग्रजी शब्द मूळचा तेलुगु. त्याचा अर्थ डुकरासारखा उंदीर. बिळांत शिरण्याचें काम त्या बिचाऱ्या प्राण्याच्या नांवावर गेलें हें एका परीनें यथायोग्यच झालें.

आमच्या मनास सर्वांत अधिक टोंचणी लावणारी गोष्ट निराळीच आहे. नातवानें जो मुखवटा आणि जें हवेचें नळकांडें पाहिलें होतें, तें आमच्याच गांवच्या बंबखान्यांत भिंतीला टांगलेलें आहे. बंबखाना आमच्या घरापासून अर्ध्या मैलावर आहे. दोन्हीं खातीं एकाच कचेरीचीं. एका खात्याचा माणूस धुरांत शिरतो तेव्हां त्यास हवा लागते हें कचेरीस ठाऊक आहे. दुसऱ्या खात्याचा माणूस त्याहून विषारी जागीं शिरतो तेव्हां तें ज्ञान कोठें जातें?

कायदा म्हणाल तर तो आहे, आणि चांगला कडक आहे. ६ डिसेंबर २०१३ पासून अमलांत आलेल्या अधिनियमान्वयें कोणत्याही व्यक्तीस, स्थानिक संस्थेस वा ठेकेदारास संरक्षक साधनांवांचून माणूस गटारांत किंवा मैल्याच्या टांकींत उतरवितां येत नाहीं. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीं. पुन्हां केल्यास पांच वर्षें व पांच लाखांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं मृताच्या कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत असें ठरविलें, व ऑक्टोबर २०२३ मध्यें ती रक्कम तीस लाख केली. असें असून केंद्र सरकारनें संसदेंत दिलेल्या आंकड्यांप्रमाणें २०१९ ते २०२३ ह्या पांच वर्षांत अशा कामांत ३७७ माणसें मेलीं. गोदींतील ६६ जवानांची तिथि आपण पाळतों. ह्या ३७७ जणांची तिथि कोणती?

वाचकांनीं 'कोणत्याही व्यक्तीस' ह्या शब्दांकडे लक्ष द्यावें. त्यांत घराचा मालक आला, गृहसंस्थेचा चिटणीस आला, आणि चिटणिसाच्या मागें लागून घाई करणारे सभासद कायद्यांत नसले तरी न्यायांत आलेच. आवारांतील मैल्याची टांकी उपसावयाची झाली कीं दोनचारशें रुपये वांचविण्यासाठीं नाक्यावरून माणूस आणण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं आहे. गाडी मागवावी, गाडी नसल्यास थांबावें.

हा विषय आपल्या घरांतून बोलला जात नाहीं, ह्याचें कारण आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्या झांकणाखालीं उतरणारा माणूस बहुतांशीं पिढ्यान् पिढ्या एकाच वस्तींतून येतो, आणि ती वस्ती आपण ठरविली आहे. आपल्यांतील कांहीं थोड्यांनीं मात्र हें पूर्वींच ओळखलें होतें. कोंकणचे गांधी म्हणून प्रसिद्ध असलेले अप्पासाहेब पटवर्धन एम. ए. झालेले, जातीनें चित्पावन. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत त्यांनीं भंगीकाम मागितलें. उच्च जातीच्या कैद्यास तें देतां येत नाहीं असें अधिकाऱ्यांनीं सांगितलें. अप्पासाहेबांनीं अन्न कमी केलें, व त्यांच्यासाठीं येरवड्यास गांधीजींनीं त्याच वर्षीं ३ डिसेंबरला उपोषण आरंभिलें, तेव्हां सरकार नमलें. पुढें कणकवलीजवळ गोपुरीस राहून त्यांनीं मैला हातानें उचलावा लागूं नये अशा संडासांचे प्रयोग केले. मुंबई सरकारनेंही १९४९ सालीं व्ही. एन. बर्वे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करविली होती. म्हणजे ठाऊक नव्हतें असें म्हणावयास जागा नाहीं.

आतां गौरवाविषयीं. हा शब्द 'गुरु' म्हणजे जड ह्यापासून झाला. गौरव म्हणजे मूळांत वजन. ज्याच्या शब्दास कचेरींत वजन, त्याचा गौरव झाला असें समजावें. शाल आणि श्रीफळ ह्यांचें वजन तें किती! २ ऑक्टोबरला पुढारी मंडळी हातीं नवा झाडू घेऊन स्वच्छ रस्ता पुन्हां झाडतात व वर्तमानपत्रांत त्यांचें छायाचित्र येतें, तेव्हां रोज झाडणारे लोक चौकटीबाहेर उभे असतात. २०१६ पासून शहरांच्या स्वच्छतेच्या स्पर्धा होतात. बक्षीस शहरास मिळतें. ह्या गोष्टी वाईट आहेत असें नाहीं. पण त्यांपैकीं एकीनेंही त्या झांकणाशेजारीं तिकाटणें उभें राहत नाहीं.

मुंजीचे पाहुणे गेल्यावर आम्ही व आमचा धाकटा मुलगा त्या माणसाच्या घरीं गेलों. त्याच्या बायकोनें चहा केला. आम्ही तो घेतला. (आमच्या वडिलांच्या हयातींत हें घडलें नसतें, हें लिहून ठेवणें बरें.) आम्ही झाली गोष्ट सांगितली: फोन आमचा होता. तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "गुरुजी, तुमी न्हाई तर दुसऱ्या कुनी केला असता." हें ऐकून आम्हांस बरें वाटावयास हवें होतें; तें वाटलें नाहीं. काय हवें असें विचारतां त्यानें दोन गोष्टी सांगितल्या. तो नऊ वर्षें ह्याच गांवचीं गटारें साफ करीत आहे, परंतु कचेरीच्या हजेरीपटांत त्याचें नांव नाहीं. ठेकेदार बदलतात, माणूस तोच. तें नांव कोठें तरी लिहिलें जावें. आणि बुटांविषयीं. ठेकेदारानें एकदां रबरी बूट दिले होते, ते सर्वांना एकाच मापाचे, दहा नंबरचे. त्याच्या पायाचें माप सात. ते पायांत घालून शिडीवरून उतरतांना पाय निसटतो, म्हणून ते घरीं कोपऱ्यांत पडून आहेत. त्यानें ते आणून दाखविले. नवेच होते.

ह्या दोन गोष्टींबद्दल, तसेंच बंबखान्यांतील हवेचे संच व ते वापरण्याचें शिक्षण गटारखात्यास मिळावें म्हणून, आळींतील बावीस कुटुंबांच्या सह्यांचा अर्ज आम्ही कचेरींत दिला आहे. पहिली सही आमच्या सुनेची. आमच्या विद्यार्थ्यानें अर्ज उठून उभा राहून घेतला व पोंच दिली. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. दर सोमवारीं ११ वाजतां आम्ही तेथें जाऊन बाकावर बसतों. नातवास सुटी असली म्हणजे तोही येतो.