सवडीची वाट पाहू नये

“सवड मिळाली म्हणजे वाचीन”, “सवड झाली की भेटावयास येईन”, “आज नको, सवडीने गोष्ट सांगेन” ही वाक्ये आपल्या घराघरांतून रोज ऐकू येतात. पहाटे नळाला पाणी येते तेव्हापासून धावपळ सुरू होते. डबे, शाळेची घंटा, कचेरीची वेळ, बाजारहाट, पाहुणे आणि अखेरीस मोबाईलवर आलेले निरोप यांत दिवस कधी मावळतो हे कळतही नाही. सवड मात्र आपण होऊन सहसा येत नाही. सासरी रमलेल्या लेकीसारखी ती असते; तिला मुद्दाम मूळ धाडून आणावे लागते.

ही सवड आणावी कशी, याचे एक उत्तर झाशीच्या इतिहासात सापडते. झाशी म्हटले की घोड्यावर स्वार झालेली, हाती तलवार घेतलेली राणी डोळ्यांपुढे उभी राहते. रणांगणावर नसताना ही राणी आपला दिवस कसा घालवीत असे, याचा विचार आपण क्वचितच करतो. सुदैवाने त्या दिवसाचे वर्णन आपल्याच भाषेत उपलब्ध आहे.

एका भिक्षुकाने पाहिलेला दिवस

कुलाबा प्रांतातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक. घरचे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणेच्या आशेने ते १८५७ साली काकांसह उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. त्या प्रवासात काही काळ ते झाशीस राहिले. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी लिहून ठेवलेली हकीकत चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली. राणी लक्ष्मीबाईंचा दिनक्रम तीत आला आहे.

बाईसाहेबांना शरीर कमावण्याची फार आवड होती. पहाटे उठून त्या मल्लखांबावर कसरत करीत व घोडा फिरवीत. त्यानंतर स्नान आणि पूजा. पूजेच्या सुमारास दरबारची मंडळी मुजऱ्यास येत. त्यांपैकी एखादा गृहस्थ आला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याची आठवणीने चौकशी होई. भोजनानंतर थोडी विश्रांती व रामनामाचे लेखन. दुपारी तीनच्या सुमारास कचेरी भरे. राणी प्रकरणे समजून घेत, हुकूम सांगत आणि प्रसंगी स्वतः लिहावयास बसत. सायंकाळ पुराणश्रवण, कीर्तन आणि देवदर्शन यांसाठी असे.

हा दिनक्रम कोणत्या परिस्थितीत चालला होता, हे ध्यानी घेतले पाहिजे. १८५३ साली पती गंगाधरराव निवर्तले. १८५४ साली कंपनी सरकारने दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केले. १८५७ च्या जूनमध्ये झाशीचा कारभार राणीच्या हाती आला आणि पुढच्याच मार्चमध्ये सर ह्यू रोजच्या सैन्याने शहरास वेढा दिला. मधल्या नऊ-दहा महिन्यांत शेजारच्या ओर्छा संस्थानाच्या फौजेशीही लढावे लागले. “आज वेळ नाही” असे म्हणण्याचा अधिकार कोणाला असेल, तर तो या तरुण विधवेलाच होता. तरीही कसरत, उपासना, माणसांची विचारपूस आणि राज्यकारभार या प्रत्येकाला तिच्या दिवसात आपापली जागा होती.

गोडसे भटजींनी दिलेला एक प्रसंग विशेष लक्षात राहतो. लक्ष्मीतालाच्या काठी असलेल्या महालक्ष्मीच्या दर्शनाहून परतताना राणीला वाटेत गोरगरिबांची मोठी गर्दी दिसली. चौकशी करता, थंडीने हे लोक हैराण झाले आहेत असे कळले. तेव्हा त्या सर्वांना टोप्या, बंड्या व घोंगड्या देण्याचा हुकूम सुटला. दिवस नेमाने आखलेला असूनही वाटेवरचे दुःख पाहण्यास त्यात अवकाश होता. आपली घाई पुष्कळदा तेवढाच अवकाश हिरावून घेते.

नोकरी सांभाळून

“राणीच्या हाताशी दासदासी होत्या, आमचे तसे नाही,” असे कोणी म्हणेल. हा आक्षेप खरा आहे. म्हणून त्याच झाशीतील आणखी दोन माणसांकडे पाहू.

मेजर ध्यानचंद हे झाशीत वाढले. १९२२ साली ते साधे शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाले. शिपायाचा दिवस त्याच्या मालकीचा नसतो. कवायत आणि पहारा यांतून उरेल तेवढाच वेळ त्याचा. दिवसाचे काम आटोपल्यावर चांदण्यात ते हॉकीचा सराव करीत आणि त्यावरूनच त्यांच्या नावास ‘चंद’ जोडले गेले, असे सांगतात. १९२८, १९३२ आणि १९३६ या तिन्ही ऑलिंपिक स्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात ते होते.

दुसरे गृहस्थ वृंदावनलाल वर्मा. झाशीत वकिली करीत असतानाच त्यांनी ‘गढ कुंडार’, ‘झाँसी की रानी’, ‘मृगनयनी’ यांसारख्या कादंबऱ्या लिहून हिंदी साहित्यात चिरस्थायी स्थान मिळविले. अशिले आणि खटले यांतून उरलेल्या वेळाचे त्यांनी काय केले, ते आज ग्रंथालयाच्या कपाटात दिसते.

साठांपैकी एक घटका

आपल्या पूर्वजांनी अहोरात्राच्या साठ घटका मानल्या. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे. साठांपैकी एकच घटका रोज आवडीच्या कामासाठी राखून ठेवली, तर वर्षाकाठी १४६ तास होतात. एवढ्या वेळात अनेक ग्रंथ वाचून होतील, पेटीवर काही राग बसतील किंवा एखादी नवी भाषा वाचण्यापुरती येईल. मात्र ही घटका ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी असावी. “जमेल तेव्हा” असे म्हटलेले काम बहुधा राहूनच जाते. नवे काही आरंभिताना जुन्यातले काय सोडावयाचे, हेही त्याच वेळी ठरवावे. घटका साठच आहेत, एकसष्टावी कोणासही मिळत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. घरातील कर्ता पुरुष वर्तमानपत्र घेऊन बसला की “त्यांना वाचू दे” असे मुलांना बजावले जाते. तीच मुले पुस्तक उघडून बसलेल्या आईला मात्र दहा वेळा हाक मारतात आणि त्यात कोणालाच वावगे वाटत नाही. आपल्या पुष्कळ घरांतील गृहिणीच्या वाट्यास अशी एकही अखंड घटका येत नाही. ती तिने स्वतः चोरून मिळवावी, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती घरातील सर्वांनी मिळून तिला दिली पाहिजे. रात्रीची झाकपाक पतीने व मुलांनी वाटून घेतली, तर हे सहज साधण्यासारखे आहे. कुटुंबाचे जीवन समृद्ध झाले असे म्हणताना त्यात तिची घटका मोजली आहे की नाही, हे प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे.

विहिरीकाठी

१८५८ च्या एप्रिलमध्ये झाशी पडली. शहर लुटले गेले आणि गंगाधररावांच्या वेळेपासून जोपासलेला ग्रंथसंग्रहही नष्ट झाला. राणी रात्रीतून किल्ल्याबाहेर पडून काल्पीकडे गेली. सोबत वाडा नव्हता, कचेरी नव्हती. पहाटेच्या कसरतीने कमावलेले शरीर आणि घोड्यावरची मांड तेवढी बरोबर होती.

पुढे काल्पीच्या बाजूस एका विहिरीवर गोडसे भटजींची आणि राणीची अवचित गाठ पडली. राणी तहानेने व्याकुळ झाली होती. भटजी पाणी काढून देऊ लागले, तेव्हा तिने त्यांना थांबविले. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढावे हे तिला रुचले नाही, आणि दोर तिने स्वतःच्या हाती घेतला. सर्वस्व गेल्यावरही दुसऱ्याचा मान राखण्याचे तिला सुचले. झाशीच्या वाड्यात, मुजऱ्यास न आलेल्या माणसाची चौकशी करताना, रोज थोडे थोडे करून ते अंगी बाणले होते.